टाकी भरलेली, काटा तळाला: पेट्रोलचा काटा आणि टाकीचे बिघाड कसे शोधाल

आधी लक्षणं. गॅरेजला फोन करण्याआधी आपल्या गाडीत यातलं नेमकं काय होतंय ते दोन दिवस नीट बघा. मिस्त्रीला "काटा चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो अंधारात चाचपडतो. "अर्ध्यापर्यंत बरोबर येतो आणि तिथून एकदम कोसळतो" असं सांगितलं तर निम्मा शोध तिथेच लागतो.

– टाकी फुल्ल केली तरी काटा तळाला पडलेला, किंवा टाकी कोरडी झाली तरी काटा वरच अडकलेला.
– काटा ठराविक जागेपर्यंत नीट येतो आणि मग एकदम रिझर्व्हवर जातो.
– खड्ड्यात गाडी आपटली की काटा नाचतो. डिजिटल मीटर असेल तर सगळ्या कांड्या एकदम लुकलुकतात.
– चारचाकीत पेट्रोलचा काटा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा दोन्ही एकाच दिवशी बिघडले.
– काटा बरोबर आहे, पण गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर दम खाऊन बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते.
– मोठ्या पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग सुरू होतं, म्हणजे इंजिन अडखळत चालतं.
– पेट्रोलचा वास येतो, टाकीखाली ओल दिसते.

शेवटचं लक्षण असेल तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. गाडी बंद करा, ढकलत मोकळ्या हवेत न्या, चावी फिरवून बघण्याचा मोह टाळा आणि मिस्त्रीला बोलवा.

बाकीच्यांसाठी, काटा चालतो कसा ते थोडक्यात. टाकीत एक फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. त्याला तारेचा दांडा असतो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाची छोटी धातूची जीभ रोधाच्या (म्हणजे करंट अडवणाऱ्या) पट्टीवर घासत मागेपुढे सरकते. पेट्रोल उतरलं की फ्लोट खाली जातो, जीभ सरकते, रोध बदलतो, मीटरमधून जाणारा करंट बदलतो आणि काटा हलतो. टाकीतल्या या जोडणीला आम्ही टँक युनिट म्हणतो. काट्याला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त वायरमधून येणारा करंट कळतो. वाटेत कुठेही गंज, ओल किंवा सैल जोड आला की रोध वाढतो, आणि बऱ्याच गाड्यांत वाढलेला रोध म्हणजे रिकामी टाकी. चिपळूणला गेली वीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतो. इथल्या पावसात जोड गंजायला एक पावसाळा पुरतो. त्यामुळे माझा नियम ठरलेला आहे: बाहेरून सुरुवात करायची, हळूहळू आत जायचं आणि मीटरला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

हे एवढ्या आग्रहाने सांगतोय कारण लोक नेमकं उलटं करतात. गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. काटा तळाला पडला म्हणून त्यांनी दुसरीकडे अख्खा मीटर बदलून घेतला होता. पैसे गेले, नवीन मीटरमध्ये किलोमीटर शून्यापासून सुरू झाले आणि काटा होता तिथेच राहिला. मी सीट काढली, टाकीखालचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, सोडला. आतल्या एका पिनवर हिरवट बुरशीसारखा थर बसला होता. कपलर साफ करून परत बसवला आणि काटा उठला. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते त्या काट्याकडे बघत राहिले. मला त्या पैशांचं आजही वाईट वाटतं.

१. गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर

साइड स्टँडवर गाडी कलते, पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट खोटी पातळी दाखवतो. कुंभार्ली घाट चढताना काटा खाली येतो आणि पाटणच्या बाजूला सपाटीवर उतरलात की परत वर जातो, हा बिघाड नाही. जुन्या गाड्यांत तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणारे मीटर असतात. त्यांचा काटा चावी फिरवल्यावर जागेवर यायला मिनिटभर घेतो. खड्ड्यात काटा नाचू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो, म्हणून चावी चालू ठेवून पेट्रोल भरलं तर नवीन पातळी दिसायला बराच वेळ लागतो. पेट्रोल भरताना चावी बंद ठेवा. ते सुरक्षेसाठीही हवंच. मग सपाट जागी दोन मिनिटं थांबून बघा.

२. टाकी ते टाकी हिशेब

याला खर्च काही नाही. टाकी पूर्ण भरा, किलोमीटर लिहून ठेवा, दीड-दोनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पातळीपर्यंत परत भरा. जेवढं बसलं तेवढंच गाडीने खाल्लं. हा आकडा नेहमीच्या अ‍ॅव्हरेजशी जुळला तर पेट्रोल कुठे जात नाही, काटाच चुकतोय. जुळला नाही तर गळती, चोरी किंवा इंजिनचा दोष शोधायला हवा, आणि तो विषय वेगळा.

याच ठिकाणी पंपावर भांडणं होतात. काटा पूर्ण वर गेला नाही म्हणून पेट्रोल कमी भरलं असं लोकांना वाटतं. शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं सरकारी शिक्का मारलेलं माप असतं, त्यात मोजून दाखवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. काट्यावर विसंबून भांडू नका. उलट बाजूही लक्षात ठेवा: पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा टाकीत जास्त पेट्रोल बसू शकतं. ती क्षमता सुरक्षित पातळीपर्यंतची असते, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते. ती जागा भरायचा हट्ट धरू नका. उन्हात पेट्रोल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं.

३. टाकीचं झाकण

लोक इथे बघतच नाहीत, आणि कोकणातल्या पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या टाकीच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वाटा याचाच असतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती धुळीने किंवा चिखलाने बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. गाडी दम खाते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटांत थोडी हवा शिरली की परत चालू होते. लोक प्लग बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात. पुढच्या वेळी गाडी अशी बंद पडली की इंजिन थोडं निवू द्या, मग झाकण सावकाश उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' असा आवाज आला आणि लगेच गाडी सुरळीत चालली, तर दोष झाकणाचा. ते रॉकेलमध्ये धुऊन हवेने फुंकून घ्या, नाहीतर नवीन बसवा. झाकण कायम सैल ठेवून किंवा त्याला खिळ्याने भोक पाडून फिरणारे मी बघितले आहेत. तसं करू नका. गाडी पडली तर तिथून पेट्रोल थेट गरम इंजिनवर सांडतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. बऱ्याच बाईकच्या टाकीवर झाकणाभोवती खळगा असतो. त्यात साचणारं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून तळाला एक बारीक भोक असतं आणि त्याची नळी टाकीखालून जमिनीपर्यंत येते. हे भोक बुजलं की खळग्यात पाणी साठतं, झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर ते आत झिरपतं, आणि झाकण उघडता क्षणी तर सगळंच आत जातं. जून उजाडण्याआधी त्या खळग्यात चमचाभर पाणी ओता. ते दोन-चार सेकंदांत खालच्या नळीतून बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर जुन्या क्लच केबलची एक बारीक तार घालून वाट मोकळी करा. हे काम पाच मिनिटांचं आहे. न केल्याने गंजून वाया गेलेल्या टाक्या माझ्या गॅरेजच्या मागे पडून आहेत.

४. फ्यूज आणि बॅटरी

हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा एकदम मंद झाले असतील तर आधी बॅटरी बघा. चारचाकीत पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी चुकायला लागले तर टाकी उघडू नका. दोघांना एकत्र वीज देणाऱ्या जागी दोष आहे: फ्यूज, मीटरची अर्थ वायर (करंट परत चासीकडे नेणारी), किंवा जुन्या गाडीत मीटरमागचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा भाग.

५. कपलर आणि अर्थ

टँक युनिटच्या वायरी शोधा. बाईकला सीट काढली की टाकीखाली सापडतात, बऱ्याच मोटारींत मागच्या सीटखाली. चावी बंद. कपलर त्याच्या खटक्यावर दाबून सोडा, वायर धरून ओढू नका. पिना तांब्याच्या रंगाच्या किंवा चकचकीत असायला हव्यात. हिरवा-पांढरा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच जोडा. सैल पिन बारीक पक्कडीने किंचित दाबून घ्या.

मग अर्थ. काही गाड्यांत टँक युनिटची अर्थ वेगळ्या काळ्या वायरने चासीला लागते, काहींत टाकीच्या पत्र्यातूनच मिळते. टाकी रंगवून आणल्यानंतर काटा बंद पडला असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच असतं: बोल्टखाली नवीन रंग बसला आणि अर्थ तुटली.

हे करताना वायरींवर उंदरांच्या दातांच्या खुणा आहेत का तेही बघा. भातकापणीच्या सुमारास घराशेजारी उभ्या असलेल्या गाड्यांत हे फार होतं. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका. सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा.

६. वायर अर्थला लावून बघणं

फक्त साध्या, काट्याच्या मीटरसाठी. डिजिटल मीटर किंवा एफआय (फ्यूएल इंजेक्शनची, कार्ब्युरेटर नसलेली) गाडी असेल तर ही तपासणी करू नका. तिथल्या कपलरमध्ये टाकीतल्या पंपाच्या वायरीही असतात आणि चुकीची वायर अर्थला लागली तर महागाचं नुकसान होतं.

टाकीचं झाकण घट्ट बंद, गाडी मोकळ्या हवेत. कपलर सोडा, चावी चालू करा आणि काटा कुठल्या टोकाला जातो ते बघा. चावी बंद करा. आता गाडीच्या बाजूच्या कपलरमधली टँक युनिटकडे जाणारी वायर एका छोट्या वायरीने चासीला जोडा आणि मग चावी चालू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. वायर आधीच जोडलेली असली की ठिणगी टाकीजवळ पडत नाही. काटा दुसऱ्या टोकाला जायला लागला की लगेच चावी बंद, पूर्ण वर जायची वाट बघू नका.

काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला तर मीटर आणि वायरिंग दोन्ही ठणठणीत आहेत, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. हललाच नाही तर वायर तुटली आहे किंवा मीटर गेला आहे. मीटर बदलायचा विचार फक्त इथे आल्यावर करायचा.

७. मल्टिमीटर

साधा मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि गाडी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा असं माझं मत आहे. कपलर सोडलेला ठेवून युनिटच्या बाजूच्या दोन पिनांवर ओहम मोजा. एखाद्या गाडीत भरलेल्या टाकीला दहाच्या आत आणि रिकाम्या टाकीला शंभराच्या आसपास आकडा येतो, दुसऱ्या गाडीत आकडे वेगळे किंवा अगदी उलटे. म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातले आकडे बघा. पण आकड्यापेक्षा तो कसा बदलतो ते जास्त सांगून जातं. बाईक मेन स्टँडवरून काढून दोन्ही बाजूंना हळू हलवा, म्हणजे आतलं पेट्रोल हेलकावेल. आकडा सरकत सरकत वरखाली झाला तर पट्टी चांगली. मध्येच पडद्याच्या डाव्या कडेला एकटा १ दिसला, म्हणजे सर्किट तुटलं, तर रोधाची पट्टी त्या जागी झिजली आहे. "अर्ध्यापर्यंत येतो आणि कोसळतो" या तक्रारीचं कारण हेच असतं. आपण रोज त्याच पातळीपर्यंत पेट्रोल वापरतो आणि तीच जागा घासली जाते.

इथे थांबा

एफआय बाईक आणि चारचाकी असेल तर तुमचं काम इथे संपलं. त्या टाकीत पंप असतो, नळीत इंजिन बंद असतानाही दाब राहतो, आणि नळी सुटली की पेट्रोल तोंडावर उडतं. चारचाकीत युनिट काढायला कधी कधी टाकीच खाली उतरवावी लागते, आणि परत बसवताना नवी ओ-रिंग (रबरी कडी) न घातल्यास वाफ गाडीच्या आत येते. हे काम गॅरेजमध्येच करून घ्या.

कार्ब्युरेटरची बाईक असेल, हात सरावलेला असेल आणि जागा मोकळी असेल तरच पुढे जा. पडवीत नको, चुलीजवळ नको, गोठ्याशेजारी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत खालच्या खोलीत, खड्ड्यात, मोरीत जाऊन साठते. तुम्हाला वास येणं थांबतं, पण ती तिथेच असते. लहान मुलांना लांब ठेवा.

८. युनिट बाहेर काढणं

कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून नळी सोडा, पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये काढा, टाकी उतरवून जुन्या चादरीवर उलटी ठेवा. युनिटचे नट आडवे-उभे थोडे थोडे सैल करा. दांडा वाकणार नाही अशा बेताने, जरा फिरवत युनिट बाहेर काढा. तो दांडा किंचित जरी वाकला तरी काटा कायमचा चुकतो.

फ्लोट कानाजवळ धरून हलवा. आत 'खळक' झालं तर त्यात पेट्रोल शिरलं आहे. असा फ्लोट बुडतो, म्हणून टाकी भरलेली असूनही काटा तळाला. पितळी फ्लोटला सोल्डर मारून भोक बुजवू बघणाऱ्यांनी हात भाजून घेतले आहेत, कारण आत वाफ असते. फ्लोट किंवा पूर्ण युनिट नवीन घ्या. दांडा हाताने वरखाली करा, तो अडकता कामा नये. टाकीला अपघातात पोचा आला असेल तर दांडा आतून पत्र्याला लागत असतो, तेव्हा पोचा आणि दांडा दोन्ही बघा. परत बसवताना नवीन पॅकिंग घाला.

टाकीत पाणी आणि गंज

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं आणि कितीतरी गाड्या टाकीवरून पाणी जाईपर्यंत बुडाल्या. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही टाक्याच रिकाम्या करत होतो. ज्यांनी पाणी ओसरल्यावर किक मारून बघितली त्यांचं नुकसान जास्त झालं. ज्यांनी गाडीला हात न लावता आणून दिली त्यांची बरीचशी वाचली. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून बघू नका, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

एरवी पाण्याचा संशय असेल तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, सावलीत अर्धा तास न हलवता ठेवा. तळाला वेगळा थर, बुडबुड्यासारखे गोळे किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी रिकामी करावी लागेल. २०२३च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल देशात मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून इंजिनात जळून जातं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि कॉकची किंवा पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. वर कितीही पेट्रोल घातलं तरी तो थर निघत नाही. तो काढूनच टाकावा लागतो.

चाकरमान्यांच्या गाड्यांना हे हमखास होतं. मे महिन्यात पाव टाकी ठेवून गाडी गावच्या पडवीत उभी राहते, चार महिने पावसाची हवा आत खेळते, पत्र्यावर दव धरतं आणि गणपतीला किक मारली की कार्ब्युरेटरमध्ये तांबडा गाळ. गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा, कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. आत हवा कमी, गंज कमी.

हलका गंज असेल तर युनिट आणि कॉक काढून, भोकं बंद करून टाकीत पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात पूर्ण वाळवा आणि थोडं पेट्रोल आतून फिरवून घ्या. ओली राहिली तर तासाभरात परत तांबडी होते. कॉकची जाळी नवीन घाला. पापुद्रे सुटत असतील किंवा पत्रा बोटाने दबत असेल तर साफसफाई करू नका, टाकी बदला. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा परसात ओतू नका. आपली जमीन जांभ्याची, ते झिरपत विहिरीपर्यंत जातं. गॅरेजमध्ये आणून द्या.

टाकीला भोक पडलं तर ओळखीच्या वेल्डरकडे परस्पर नेऊ नका. "रिकामी आहे" म्हणून आणलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत पेट्रोल नसलं तरी वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. आतली वाफ पूर्ण घालवून, चाचणी करून काम करणाऱ्याकडेच द्या. एम-सीलने गळती दोन दिवस थांबेल, त्या दोन दिवसांत गाडी फक्त गॅरेजपर्यंत ढकलत न्यायची.

चारचाकी टाकीच्या कामासाठी आणणार असाल तर येताना पेट्रोल पावभागाच्या खाली आणून या. चाळीस लिटर पेट्रोलचं वजनच तीस किलोच्या आसपास भरतं आणि तेवढी भरलेली टाकी गाडीखालून उतरवणं धोक्याचं असतं. आणि किती लिटर भरल्यावर काटा कुठे होता, ते लिहिलेला कागदही बरोबर आणा.